वन्सं, तो कण पलीकडे जातो कसा

इंदूवन्सं,

माझं अक्षर आधीपासूनच वाईट, त्यात लिहायची सवय नाही म्हणून बोटं आखडतात. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका जागोजाग असतील, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर मी लिहिलं ते वाण्याच्या सामानाची यादी आणि माहेरी चार ओळी खुशालीच्या, एवढंच. तुम्ही असतात तर हा कागद माझ्या हातातून ओढून घेतला असतात आणि म्हणाला असतात, "वहिनी, वेलांट्यांचं नंतर बघू, तुला काय म्हणायचंय ते सांग." म्हणून धीर करून लिहिते. कुणाला दाखवणार नाही.

परवा तुमचं तेरावं झालं. तुमच्या कॉलेजातून दोघी बाई आल्या होत्या. त्या तुमच्याबद्दल फार चांगलं बोलल्या. शिस्तीच्या होत्या, वेळेच्या पक्क्या होत्या, मुलं टरकून असायची. मी चहाचे कप ठेवत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ह्या कुणाबद्दल बोलताहेत? माझ्या डोळ्यांसमोर पदर खोचून, मागच्या पडवीत दोरी गदागदा हलवणारी मुलगी होती. पण चारचौघांत बोलायला मला कधी जमलंय? कप उचलले आणि आत आले.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही मॅट्रिकला होतात. कुणी काही विचारलं की मी मान हलवायची. तुमचे दादा एकदा जेवताना म्हणाले, "हिला देवानं जीभ दिलीय का, ते एकदा बघून घ्यायला हवं." तुम्ही म्हणालात, "दिलीय की. माझ्याशी बोलते. तुझ्याशी बोलण्यासारखं तिला काही सापडत नसेल." दादा हसले, सासूबाईंनी डोळे वटारले, आणि मी आत जाऊन एकटीच हसले. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या झालात.

आपलं खरं बोलणं व्हायचं ते मागच्या खोलीत, बाजूला बसायच्या दिवसांत. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण ते वगळलं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. लहानशी खोली, एक खिडकी, एक चटई. ताट दाराशी सरकवलेलं. काम नाही, कुणाला शिवायचं नाही. आपले दिवस बरेचदा बरोबर यायचे. त्या दिवसांत पुस्तकाला हात लावायचा नाही हा सासूबाईंचा नियम तुम्ही एकदाही पाळला नाहीत. पुस्तक पदराखाली घेऊन यायचात. मी घाबरायची. तुम्ही म्हणायचात, "सरस्वतीही बाईच आहे, वहिनी. तिला काय ते कळतं."

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला परीक्षेआधी तुम्ही दादरच्या मावशींकडून घरी आलात, तेव्हा तुमचा चेहरा उतरलेला होता. क्वांटम म्हणतात त्या विषयातला एक धडा काही केल्या डोक्यात शिरत नव्हता.

"गणित येतं मला," तुम्ही म्हणालात. "गणित मी झोपेतसुद्धा सोडवीन. पण मी काय सोडवलं ते माझं मलाच कळत नाही. सर म्हणतात, समजून कुणाला घ्यायचंय, पाठ करा, मार्क पडतील."

"मग करा ना पाठ."

"आणि उद्या मुलांना शिकवायची वेळ आली की? त्यांनाही सांगू, पाठ करा म्हणून?"

मला काय कळणार, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तुला कळावं म्हणून नाही सांगत. तुला सांगताना मला कळेल." हे ऐकून दुसरी कुणी रागावली असती. मला फार बरं वाटलं. माझा असा उपयोग त्याआधी कुणी सांगितला नव्हता.

मग तुम्ही जमिनीवर कोळशानं दोन उभ्या रेघा ओढल्यात. "ह्या दोन भिंती. अनंत उंच. म्हणजे वरून जायचा प्रश्न नाही आणि आरपार जायचाही नाही. मधे एक कण. मोहरीचा दाणाही त्याच्यापुढे डोंगर, इतका बारीक."

"त्यानं काय केलं होतं?" मी विचारलं.

"कुणी?"

"त्या कणानं. कोंडलाय तो."

तुम्ही तोंडावर पदर धरून हसलात. मग म्हणालात, "बाजूला बसलाय, असं समज." तेव्हा मला लगेच समजलं.

"आता सांग, असा कोंडलेला कण काय करील?"

"बसून राहील एका कोपऱ्यात."

"नाही. तीच तर गंमत आहे. त्याला निपचित बसताच येत नाही. त्याची ऊर्जा कितीही कमी करत नेली तरी शून्य होत नाही. थोडी उरतेच. आणि भिंती जितक्या जवळ आणाव्यात तितकी त्याची चुळबुळ वाढते."

"मी तर बसते की निपचित."

"तुझ्या पायांचे अंगठे बघ."

मी बघितलं. दोन्ही अंगठे एकमेकांवर घासत होते. मला ते माहीतसुद्धा नव्हतं. मी पाय लुगड्यात ओढून घेतले आणि तुम्ही पुन्हा हसलात.

पण पुढे अडलं. तुम्ही सांगितलंत, ह्या कणाला हवी तेवढी ऊर्जा घेता येत नाही. जिन्यासारखं आहे. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी, आणि वर जावं तशा पायऱ्या उंच होत जातात. मधे कुठे उभं राहता येत नाही. मी विचारलं, का येत नाही? तुम्ही म्हणालात, गणितात तसं येतं. मी म्हणाले, गणितात कुठून येतं? त्यावर तुम्ही कोळसा खाली ठेवलात. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बोलले. तुम्ही खिडकीतून पडवीत बघत होतात. एकदम उठलात आणि बाहेर गेलात.

पडवीत कपडे वाळत घालायची दोरी होती. एक टोक खांबाला, एक भिंतीतल्या खुंटीला. तिच्यावर सासूबाईंचं सोवळ्याचं लुगडं होतं, काठीनं टाकलेलं, लांब घडी करून बरोबर मधोमध. मागच्या दाराशी गव्हाण गावची हिराबाई पायलीनं मीठ मोजून देत बसली होती. तुम्ही खांबाजवळ दोरी धरलीत आणि हलवायला लागलात.

हिराबाईनं मान वर केली. "काय गो इंदूताई, दोरीशी काय भांडान हाय तुजा?"

तुमचं लक्षच नव्हतं. आधी सगळी दोरी एकदम वर-खाली झाली, लुगड्यासकट. मग तुम्ही हात भरभर हलवलात आणि दोरी दोन भागांत उसळायला लागली. ही बाजू वर तेव्हा ती खाली, ती वर तेव्हा ही खाली. आणि मधे, लुगडं होतं तिथे, दोरी जागच्या जागी.

"वहिनी, ये, बघ," तुम्ही म्हणालात. "दोन्ही टोकं बांधलीत. तिथे दोरीला हलता येत नाही. म्हणून एक फुगा बसतो, नाहीतर दोन, नाहीतर तीन. दीड फुगा बसवून दाखव मला. बसणारच नाही. म्हणून पायऱ्या. बांधलंय, म्हणून पायऱ्या." तुमचे डोळे भरून आले होते. मी दारात उभी राहून बघत होते. मला दोरी दिसत होती आणि तुम्ही दिसत होतात. तुमचा तो चेहरा मी आजही डोळे मिटले की बघते.

तेवढ्यात सासूबाई पूजेच्या फुलांचं तबक घेऊन आल्या.

"इंदे, हात काढ. सोवळ्याचं आहे ते."

दुसरी मुलगी असती तर हात काढून आत पळाली असती. तुम्हाला त्या घटकेला भीतीच उरली नव्हती. "आई, लुगडं हलतसुद्धा नाहीये," तुम्ही म्हणालात. "तूच बघ. मी धरलंय ते टोकाला. मधे दोरी स्थिर आहे. म्हणजे माझा स्पर्श मधे पोचलाच नाही."

सासूबाईंनी खरंच बघितलं. दोन्हीकडे दोरी उसळत होती आणि लुगडं जागचं हलत नव्हतं. त्या क्षणभर विचारात पडल्या. तुम्ही सुटलाच असतात, वन्सं. पण सासूबाईंपुढे कधी तोंड न उघडणाऱ्या माझ्या तोंडून शब्द गेले, "पण मधे पोचला नाही, तर पलीकडची बाजू कशी हलतेय?"

हिराबाईला इतकं हसू आलं की पायलीतलं मीठ सांडलं. "गेला गो तुजा खटला. घरचाच साक्षीदार फुटला."

"ऐकलंस?" सासूबाई म्हणाल्या. "हात काढ आधी."

तुम्ही हात काढलात आणि माझ्याकडे वळलात. मला वाटलं, आता मला रागावणार. तर तुम्ही विचारलंत, "काय म्हणालीस? पुन्हा सांग." सासूबाई बोलत होत्या आणि तुम्ही माझ्या प्रश्नात पडला होतात.

"शिकून अक्कल गेली पोरीची," सासूबाई म्हणत होत्या. "चार दिवस गप्प बसवत नाही."

हिराबाई सांडलेलं मीठ गोळा करत म्हणाली, "आमच्यान नाय असा काय. आमी चार दिस बसून रायलो त मीठ कोन काढंल?"

"तू मीठ मोज," सासूबाई म्हणाल्या.

लुगडं पुन्हा पाण्यातून काढलं, पुन्हा वाळवलं, आणि पूजा होईपर्यंत सासूबाई उपाशी राहिल्या. त्या संध्याकाळी त्यांनी दादांना सांगितलं, परीक्षा झाली की हिचं लग्न करायचं. उरणचं एक स्थळ होतं, मुलाचं दुकान होतं, माणसं चांगली होती. मामंजींनी तुमच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे सासूबाईंच्या ट्रंकेत होतेच. तुम्हाला एम.एस्सी. करायचं होतं, आणि भाताच्या गिरणीतल्या कारकुनाच्या पगारात ते दादांना झेपणारं नव्हतं. तुम्ही जेवला नाहीत. दाराच्या त्या बाजूला सासूबाईही जेवल्या नाहीत.

तोड काढली ती दादांनीच. ते सासूबाईंना म्हणाले, "लग्नाचे पैसे इंदूला उसने दे. शिकेल, नोकरी करील आणि फेडील. ते सगळे फिटत नाहीत तोवर तू तिच्या लग्नाचं बोल, मी अडवणार नाही. फिटले की विषय संपला. मग या घरात कुणी बोलायचं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मुलीनं कमावून पैसे फेडलेले मी काही पाहिले नाहीत. घेऊ दे तिला." त्यांना वाटलं होतं, वर्षभरात दमून परत येईल. तुम्ही त्या रात्री भरपूर जेवलात, आणि मला हळूच म्हणालात, "माझ्या भिंती आता अनंत उंच नाहीत, वहिनी. किती उंच आहेत ते कळलं, बस्स."

ह्यावरूनच आपलं दुसरं भांडण सुरू झालं ना? पुढे तुम्ही एम.एस्सी.त शिकलात की खऱ्या भिंती कधीच अनंत उंच नसतात. खऱ्या भिंतीत कण थोडासा आत शिरतो, आणि भिंत पातळ असेल तर कधी कधी पलीकडेही सापडतो. मी म्हणाले, "मग मुलांना आधी खोटं का शिकवतात?" तुम्ही म्हणालात, "खोटं नाही, सोपं." मी म्हणाले, "भाताला किती पाणी घालायचं ते मी नव्या सुनेला सोपं म्हणून चुकीचं सांगितलं तर?" तुम्ही म्हणालात, "तू तिला आधी चुलीपासून लांब उभी करून नुसता भात दाखवशील. मीही तेच करीन." ह्यात कोण जिंकलं ते अजून ठरलेलं नाही. माझ्या मते मी.

तुम्हाला मुंबईच्या कॉलेजात नोकरी लागली. सुटीला एसटीनं यायचात, पाय धुवायच्या आधी सासूबाईंच्या हातात पाकीट द्यायचात. त्या ते ट्रंकेत ठेवायच्या आणि ट्रंक लावताना काहीतरी बोलायच्याच. तो त्यांचा हक्क होता, पैसे फिटलेले नव्हते. "उरणच्या त्या मुलाला दुसरा मुलगा झाला," असं एकदा म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "बरं झालं, आई. मी सुटले आणि तोही सुटला." सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी बघितलं, त्या हसत होत्या. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

एक आणखी राहिलंय. मला तुम्ही या घरातच दिसलात. तुमचं कॉलेज मी पाहिलं नाही, तुमची खोली पाहिली नाही. तिथल्या बाई सांगतात त्या इंदूबाई आणि माझ्या वन्सं, ह्या दोघींच्या मधल्या रस्त्यावर मी तुम्हाला कधी बघितलं नाही. मी विचारलं असतं तर तुम्ही मला एकदा घेऊन गेला असतात. मी लाजले, विचारलं नाही. मागच्या बाकावर बसून तुम्ही शिकवताना ऐकायचं माझ्या फार मनात होतं.

ह्या उन्हाळ्यात तुम्ही आजारी होऊन घरी आलात आणि मागचीच खोली मागून घेतलीत. तिथे गार असतं, म्हणालात. ज्या खोलीत आपल्याला कुणी शिवायचं नाही, तिथे सासूबाई तुम्हाला मांडीवर टेकवून पेज भरवायच्या. तुम्ही चमचा नको म्हणालात की त्या रागवायच्या आणि मग बाहेर येऊन चुलीतली लाकडं सारखी करत बसायच्या.

एका दुपारी मी कपाळावरची पट्टी बदलत होते. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "वहिनी, तुझा प्रश्न अजून आहे?"

"आहे."

"मुलं दरवर्षी विचारतात. कोणीतरी एक निघतोच. दुसऱ्या पायरीवर कण मधोमध कधीच सापडत नाही, तर डावीकडून उजवीकडे जातो कसा? मी म्हणते, माझ्या वहिनीनं आधी विचारलाय, तिच्या मागे रांगेत उभे राहा."

"आणि मग काय सांगता?"

"मी सांगते, तो जातो असं आपण धरून चालतो, तिथेच चुकतं. तो मुंगीसारखा भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत नाही. शोधायला गेलं की या बाजूला सापडतो, नाहीतर त्या बाजूला. शोधायच्या आधी नेमका कुठे होता, हे विचारण्यात अर्थ नाही."

मी पट्टी पिळली आणि म्हणाले, "मला नाही पटत. कुठेतरी असणारच."

"मलाही पुरतं पटलेलं नाही," तुम्ही म्हणालात. "हिशोब मात्र दर वेळी बरोबर येतो." मग म्हणालात, "तू नको मान्य करूस. तू भांडत राहिलीस म्हणून मी शिकवू शकले."

मला म्हणायचं होतं, वन्सं, सगळ्या बायका त्या चार दिवसांना कंटाळतात आणि मी महिनाभर त्यांची वाट बघायची. मला म्हणायचं होतं, त्या खोलीत मी जेवढी शहाणी झाले तेवढी शाळेत झाले नाही. मी पट्टी ठेवली आणि विचारलं, "पाणी हवं का?" तुम्ही हो म्हणालात.

त्यानंतर तुम्हाला बोलायला त्रास व्हायला लागला. पुढचं मी लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे.

तेराव्याला आलेल्या प्रत्येक बाईनं एकच म्हटलं. बिचारीचं लग्न राहिलं. कुणी कुजबुजून, कुणी सासूबाईंचा हात धरून. सासूबाई मान हलवत राहिल्या. मला त्यांचा राग आला नाही, पण त्या शब्दाचा आला.

तुमच्या कॉलेजातल्या बाईंनी जाताना एक पाकीट दिलं, तुमचा राहिलेला पगार. दादांनी ते देवापुढे ठेवलं. काल सकाळी सासूबाई म्हणाल्या, "तिच्या उसन्यातले थोडे राहिलेत. आता काय करायचंय त्यांचं? पोरगी गेली. सोडून दे." दादा म्हणाले, "सोडलेच, आई."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी म्हणाले, "सोडायचे नाहीत."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी थांबले नाही. "वन्संनी आजारी पडेपर्यंत एकदाही चुकवलं नाही. तुम्ही आता सोडलेत तर त्यांचं फेडणं अर्धवट राहील. मग लोक म्हणतात तेच खरं होईल. त्यांचं लग्न राहिलं नाही. त्यांना ते करायचं नव्हतं, आणि त्याची किंमत त्या देत होत्या. ती पुरी देऊ द्या त्यांना."

दादांनी सासूबाईंकडे बघितलं. मी देवापुढचं पाकीट घेतलं, दादांनी त्यातले राहिलेले पैसे काढून दिले, आणि मी ते सासूबाईंच्या हातावर ठेवले. त्यांनी ते न मोजता पदराच्या टोकाला बांधले. मग ट्रंकेपाशी गेल्या, पदराची गाठ सोडून पैसे आत ठेवले, आणि झाकणावर हात ठेवून बराच वेळ तशाच बसल्या.

दुपारी शेजारच्या काकू भेटायला आल्या. रडल्या, तुमच्या हुशारीबद्दल बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "सगळं केलंत हो पोरीचं, एक लग्न तेवढं राहून गेलं."

सासूबाई म्हणाल्या, "राहून नाही गेलं. तिला नको होतं. त्याचे पैसे ठेवले होते, ते तिनं परत केले. आज सगळे फिटले."